देशाचे संरक्षण, वृत्तपत्रे आणि बाबासाहेब

मे २०२५ मधील गोष्ट. ८ तारखेच्या रात्री दूरचित्रवाणीच्या अनेक वाहिन्यांनी कराची बंदर भारतीय नौदलाने उद्ध्वस्त केल्याचे ओरडून सांगितले आणि ९ तारखेस सकाळी शेगाव रेल्वे स्थानकासमोरच्या चहाच्या टपरीवर त्याच विजयाची चर्चा चालू होती. आम्ही तारखेसाठी खामगावला निघालो होतो. आमच्याच वस्तीतला, पदवीपर्यंत शिकलेला एक तरुण ती बातमी मोबाइलवरून धडाधड पुढे पाठवीत होता. ही बातमी सरकारने किंवा नौदलाने दिली आहे काय, एवढेच आम्ही त्याला विचारले. उत्तर त्याने दिले नाही, बाजूला बसलेल्या एका गृहस्थांनी दिले. वकिलांना देशाचा विजय सहन होत नाही, असा त्यांचा सूर होता. बातमी खोटी होती हे लवकरच जगजाहीर झाले. त्या गृहस्थांची पुढे भेट झाली तेव्हा त्यांनी विषय कचोरीवर नेला.

देशाच्या संरक्षणाविषयी प्रश्न विचारला की देशद्रोहाचा शिक्का बसतो, याचे आम्हाला नवल वाटले नाही. ज्यांनी या देशाला संविधान दिले त्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांवर तो शिक्का प्रस्थापित वृत्तपत्रांनी कितीदा तरी मारला. बाबासाहेबांचे चरित्र आपण शिक्षणाच्या, चवदार तळ्याच्या, धम्मदीक्षेच्या अंगाने सांगतो आणि ते बरोबरच आहे. परंतु देशाचे संरक्षण आणि वृत्तपत्रे या दोन्ही गोष्टी त्यांच्या आयुष्यात पहिल्यापासून शेवटपर्यंत एकमेकींत गुंतलेल्या होत्या, हे आपल्या व्यासपीठांवरून फारसे सांगितले जात नाही. म्हणून हा प्रपंच.

बाबासाहेबांचा जन्मच लष्करी छावणीतला. १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे ते जन्मले तेव्हा वडील सुभेदार रामजी सकपाळ लष्करी शाळेत शिकवीत होते. आजोबा मालोजी फौजेत होते, आईकडचे मुरबाडकर घराणेही फौजेतले. म्हणजे ज्याला आज आपण देशाची सुरक्षा म्हणतो, ती या घराण्याची तीन पिढ्यांची भाकरी होती. आणि नेमक्या त्याच काळात, १८९० च्या दशकाच्या आरंभी, इंग्रज सरकारने महारांची लष्करभरती बंद केली. काही जाती लढवय्या आणि काही बिनलढवय्या, असे शास्त्र इंग्रज सेनापतींनी काढले होते. कोरेगावच्या स्तंभावर ज्यांची नावे कोरलेली, त्यांचीच नातवंडे एका फटक्यात बिनलढवय्यी ठरली. गोपाळबाबा वलंगकरांनी त्याविरुद्ध अर्ज केला, पुढे शिवराम जानबा कांबळे यांनी केला. या अन्यायाला मोठ्या वृत्तपत्रांत जागा नव्हती. लष्करात कोण असावे आणि कोण नसावे, हा प्रश्न त्यांच्या लेखी सरकार आणि संस्थानिक यांच्यातला होता.

शिक्षणाचा भाग वाचकांना ठाऊक आहे, तो आम्ही सोडून देतो. एवढेच सांगतो की कोलंबिया आणि लंडनहून परतलेल्या या विद्वानास १९१७ साली बडोदा संस्थानात नेमणूक मिळाली ती महाराजांचे लष्करी सचिव म्हणून. ज्या माणसाकडे लष्कराच्या कागदांचे काम होते, त्याच्याकडे शिपाई फायली लांबून टाकीत आणि गावात त्याला राहावयास घर मिळत नसे. ती नोकरी टिकली नाही. पहिल्या महायुद्धात गरज पडली म्हणून सरकारने महारांची पलटण उभी केली होती, तीही युद्ध संपताच १९२१ मध्ये मोडीत काढली.

३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ निघाला. त्याची जाहिरात पैसे घेऊनसुद्धा छापावयास ‘केसरी’ने नकार दिला, ही गोष्ट प्रत्येक भीमजयंतीला सांगितली जाते. आम्हाला तिची दुसरी बाजू अधिक बोचते. ‘केसरी’ हे काही सरकारधार्जिणे पत्र नव्हते. राजद्रोहाच्या कलम १२४ अ खाली त्याच्या संपादकास १८९७ साली दीड वर्षाची आणि १९०८ साली सहा वर्षांची शिक्षा झालेली होती. लेखणीवर बेडी पडली की काय होते हे ज्या कचेरीला महाराष्ट्रात सर्वांत जास्त ठाऊक होते, त्याच कचेरीने दुसऱ्याच्या लेखणीची जाहिरात परत पाठविली. सरकारने गळा दाबला तर तो जुलूम आणि आपण दाबला तर तो धंद्याचा प्रश्न, असा हा न्याय.

पुढे ‘बहिष्कृत भारत’ १९२७ साली, ‘समता’ १९२८ साली, ‘जनता’ १९३० साली, आणि अखेरीस १९५६ साली ‘प्रबुद्ध भारत’. एका माणसाने इतकी पत्रे का काढावीत? कारण इतरांच्या पत्रांत त्याच्याविषयी जे छापून येत होते ते वाचून त्याच्याच समाजाने त्याला ओळखले नसते. सायमन कमिशनपुढे साक्ष दिली, देशद्रोही. गोलमेज परिषदेस गेले, देशद्रोही. १९३० च्या पहिल्या गोलमेज परिषदेत त्यांनी इंग्रज सरकारला तोंडावर सुनावले की, तुमच्या राज्यात आमच्यासाठी ना विहीर उघडली, ना देऊळ, ना पोलीस खाते, ना लष्कर. स्वराज्याची मागणीही त्यांनी तेथेच केली. तरीही १९३२ साली येरवड्याच्या उपोषणाच्या वेळी त्यांच्यावर शिव्यांचा जो पाऊस पडला त्यात हे भाषण कोणास आठवले नाही. एका माणसाच्या प्राणापुढे सहा कोटींच्या हक्कांची बातमी होऊ शकली नाही आणि २४ सप्टेंबरला पुणे करार झाला.

आता आम्ही ज्या भागाकडे येतो तेथे थोडे थांबणार आहोत. डिसेंबर १९४० मध्ये बाबासाहेबांचा पाकिस्तानवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. मुस्लिम लीगने त्याच वर्षी मार्चमध्ये लाहोरला ठराव केला होता आणि वृत्तपत्रांत दोन्हीकडून आरोळ्या चालू होत्या. भारतमातेचे तुकडे, इस्लाम धोक्यात, वगैरे. या गदारोळात बाबासाहेबांनी एक संपूर्ण प्रकरण देशाच्या संरक्षणाला दिले. सरहद्द कोठे पडेल, महसूल किती उरेल आणि फौज कोणाची असेल, हे तीन प्रश्न त्यांनी हिशेबाने मांडले. त्यातला तिसरा सर्वांत नाजूक होता. हिंदी लष्करात कोणत्या प्रांताचे आणि कोणत्या जमातीचे शिपाई किती, हे आकडे सरकार सांगत नव्हते. मध्यवर्ती कायदेमंडळात सभासदांनी विचारले तरी उत्तर टाळले जाई.

मग आकडे आणले कोठून? ‘मॉडर्न रिव्ह्यू’ या मासिकातून. नीरद चौधरी यांनी १९३०-३१ मध्ये त्या मासिकात लढवय्या जातींवर लेखमाला लिहिली होती. लष्करी हिशेबखात्यात कारकुनी केलेल्या त्या माणसाने परिश्रमाने फौजेची जमातवार विभागणी मांडली होती. बाबासाहेबांनी ती घेतली आणि त्यावर आपला युक्तिवाद उभा केला. पंजाब आणि वायव्य सरहद्द प्रांतांतून सैन्याचा किती मोठा भाग येतो हे तक्त्यांतून दाखविले. एका मासिकाने संरक्षणाच्या विषयावर घसा कोरडा न करता आकडे छापले, म्हणून दहा वर्षांनी एका अभ्यासकास फाळणीचा विचार कागदावर करता आला. रात्री नऊ वाजता स्टुडिओत बंदूक घेऊन बसल्यासारखे बोलणाऱ्यांनी ही लेखमाला कधी पाहिली असेल असे वाटत नाही. बाबासाहेबांच्या त्या प्रकरणातील निष्कर्ष सर्वांना पटावेत असा आमचा आग्रह नाही. त्यातील काही विधानांवर आजही वाद घालता येईल. परंतु संरक्षणासारख्या विषयावर सामान्य नागरिकास आकडे मागण्याचा अधिकार आहे, हे त्यांनी तेथे गृहीत धरले आहे.

दुसरे महायुद्ध ऐन भरात असताना, १९४१ च्या जुलैमध्ये, बाबासाहेब राष्ट्रीय संरक्षण मंडळावर गेले. काँग्रेसच्या पत्रांनी पुन्हा तोच शिक्का काढला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये बेळगावला महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली. वडिलांच्या पिढीवर बंद झालेला दरवाजा मुलाच्या पिढीने उघडून घेतला. ती रेजिमेंट आजही भारतीय सैन्यात आहे आणि तिच्या जवानांना देशभक्तीचे प्रमाणपत्र कोणत्याही निवेदकाकडून घ्यावे लागलेले नाही. युद्धाच्याच काळात, जानेवारी १९४३ मध्ये, पुण्याला न्यायमूर्ती रानड्यांवरील व्याख्यानात बाबासाहेबांनी हिंदी पत्रकारितेची झडती घेतली. पूर्वी तो एक पेशा होता, आता साबणासारखा व्यापार झाला आहे आणि विभूतिपूजा हे त्याचे काम होऊन बसले आहे, असे त्यांचे निदान होते. ज्यांच्यावर हे निदान होते त्या पत्रांनी पुढच्याच दिवसांत त्यांच्यावर तोंडसुख घेतले. बाबासाहेबांनी ते व्याख्यान पुस्तकरूपाने काढताना प्रस्तावनेत त्या टीकेचाही समाचार घेतला.

संविधान सभेत अभिव्यक्तीस्वातंत्र्याच्या मसुद्यात राजद्रोह हा शब्द होता. तो राहिला असता तर स्वतंत्र भारताच्या संविधानातच टिळकांना तुरुंगात पाठविणारा शब्द बसला असता. १ डिसेंबर १९४८ रोजी कन्हैयालाल मुन्शींनी तो काढण्याची दुरुस्ती मांडली आणि ती मान्य झाली. वृत्तपत्रस्वातंत्र्याचा वेगळा उल्लेख हवा, असाही काहींचा आग्रह होता. त्यावर बाबासाहेबांनी सांगितले की संपादक हाही नागरिकच आहे, त्याला नागरिकापेक्षा निराळा हक्क नको आणि कमीही नको. आम्ही वकिली सुरू केली तेव्हा हा मुद्दा कोरडा वाटला होता. आज त्याचे महत्त्व कळते. जो हक्क मोठ्या वाहिनीच्या मालकाला आहे तोच शेगावच्या भीमनगरात हस्तलिखित फलक लिहिणाऱ्याला आहे.

येथे आम्हाला चळवळीतल्या मित्रांशी थोडे भांडावयाचे आहे. १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीचे आपण जाहीर कौतुक करतो, कारण तिने कलम १५ (४) आणले आणि चंपकम दोराईराजन खटल्यात मोडलेले शिक्षणातील आरक्षण पुन्हा उभे केले. त्याच दुरुस्तीने कलम १९ (२) ही बदलले, हे मात्र आपण सांगत नाही. प्रकरण असे होते. मद्रास सरकारने मुंबईच्या ‘क्रॉसरोड्स’ या डाव्या साप्ताहिकास आपल्या प्रांतात बंदी केली आणि दिल्लीच्या प्रशासनाने संघविचाराच्या ‘ऑर्गनायझर’ला मजकूर छापण्याआधी तपासणीस द्यावयास लावले. २६ मे १९५० रोजी सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही आदेश रद्द केले. राज्याची सुरक्षितता ही गंभीर बाब आहे, गावातल्या प्रत्येक शांतताभंगाला ते नाव देता येणार नाही, असा त्या निकालांचा गाभा होता. एका दिवसात डाव्या आणि उजव्या दोन्ही टोकांच्या पत्रांना एकाच तत्त्वाने न्याय मिळाला. वकील म्हणून सांगतो, असे निकाल रोज होत नाहीत.

सरकारने उत्तर म्हणून दुरुस्ती आणली. सार्वजनिक सुव्यवस्था, परराष्ट्रांशी मैत्रीचे संबंध आणि गुन्ह्यास चिथावणी, अशी तीन नवी कारणे निर्बंधांच्या यादीत आली. मे १९५१ मध्ये संसदेत या दुरुस्तीची बाजू कायदेमंत्री म्हणून बाबासाहेबांनी लढविली आणि न्यायालयाच्या निकालांशी आपली असहमतीही बोलून दाखविली. आम्ही बाबासाहेबांचे अनुयायी आहोत, तरी आमचे मत असे की न्यायालयाने त्या दिवशी आखलेली रेषा अधिक चांगली होती. दुरुस्तीत निर्बंध वाजवी असले पाहिजेत ही अट आली, ती मात्र आज आमच्या हातातले मोठे हत्यार आहे. एखाद्या कार्यकर्त्यावर पत्रक वाटल्याबद्दल गुन्हा नोंदला की आम्ही प्रथम त्याच शब्दाचा आधार घेतो. बाबासाहेबांचे काही चुकले असे म्हणणे म्हणजे अवमान, ही भक्ती बाबासाहेबांनीच नाकारलेली आहे. रानड्यांवरील व्याख्यान त्यासाठीच तर होते.

आणि पाहा, चारच महिन्यांत काय घडले ते. २७ सप्टेंबर १९५१ रोजी बाबासाहेबांनी मंत्रिमंडळाचा राजीनामा दिला. १० ऑक्टोबरला सभागृहात निवेदन करावयास उभे राहणार, तर उपाध्यक्षांनी त्याची प्रत आधी मागितली. छापण्याआधी मजकूर दाखवा, असे ‘ऑर्गनायझर’ला सांगितले गेले होते. बोलण्याआधी मजकूर दाखवा, असे आता संविधानाच्या शिल्पकारास सांगितले गेले. बाबासाहेब सभागृहातून बाहेर पडले आणि निवेदन त्यांनी वार्ताहरांच्या हाती दिले. आयुष्यभर ज्यांनी आपल्याला हिणविले त्यांच्याच मार्फत देशापर्यंत जाण्याखेरीज त्या दिवशी दुसरा रस्ता नव्हता.

त्या निवेदनात काय होते? हिंदू कोड बिल, असे उत्तर शंभरातले नव्वद लोक देतील. ते कारण होतेच आणि मोठेच होते. अस्पृश्यांची उपेक्षा हेही कारण होते. पण त्यात परराष्ट्र धोरण आणि संरक्षण यांवर एक मोठा भाग आहे. देशाच्या सुमारे ३५० कोटी रुपयांच्या वार्षिक महसुलातून सुमारे १८० कोटी लष्करावर जातात, हा आकडा त्यांनी दिला. मित्रराष्ट्रे उरली नाहीत म्हणून हा बोजा एकट्याने उचलावा लागतो, अशी त्याची कारणमीमांसा केली. काश्मीरबाबत त्यांचे मत होते की हिंदू आणि बौद्ध वस्तीचा भाग भारताकडे आणि मुस्लिम वस्तीचा भाग पाकिस्तानकडे, अशी विभागणी हा योग्य तोडगा. पूर्व बंगालमधील हिंदूंच्या हालांकडे काश्मीरइतके लक्ष नाही, अशीही तक्रार होती. शिवाय मंत्री असूनही परराष्ट्र आणि संरक्षण या दोन्ही समित्यांवर आपल्याला कधी घेतले नाही आणि मंत्रिमंडळास समित्यांचे निर्णय नोंदविण्यापलीकडे काम उरले नाही, हे त्यांनी उघड केले. कायदेमंत्र्यालाच संरक्षणाचा निर्णय कसा झाला हे कळत नसेल, तर वाचकाला काय कळणार? आज कोणी काश्मीरविषयी असे विधान किंवा लष्करी खर्चाविषयी असा हिशेब जाहीरपणे मांडला, तर रात्रीच्या चर्चेत त्याचे काय होईल ते सांगावयास नको.

१९५२ च्या निवडणुकीत मुंबईतून त्यांचा काजरोळकरांकडून पराभव झाला. १९५४ च्या पोटनिवडणुकीत भंडाऱ्यातून पुन्हा पराभव. भंडारा म्हटले की आम्हाला आणखी एक आठवण होते. २९ सप्टेंबर २००६ रोजी त्याच जिल्ह्यातील खैरलांजीत भोतमांगे कुटुंबाची हत्या झाली आणि मोठ्या वृत्तपत्रांना ती दिसावयास कित्येक आठवडे लागले. लोक संतापून रस्त्यावर उतरले तेव्हा तत्कालीन गृहमंत्र्यांनी त्यामागे नक्षलवाद्यांचा हात असल्याचे सांगितले, आणि ती बातमी मात्र तत्परतेने छापली गेली. हत्या हा स्थानिक विषय आणि निषेध हा सुरक्षेचा विषय! २०१८ साली भीमा कोरेगावनंतर तेच झाले. खटला चालू असताना पोलीस अधिकाऱ्यांनी पत्रकार परिषदेत पत्रे वाचून दाखविली आणि वाहिन्यांनी निकाल देऊन टाकला. न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी सप्टेंबर २०१८ मधील आपल्या भिन्न मताच्या निकालपत्रात या प्रकारावर कडक ताशेरे ओढले. १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब ज्या स्तंभापुढे उभे राहिले, तो स्तंभ लष्करी पराक्रमाचा आहे, हे त्या रात्रीच्या निवेदकांना कोणी सांगितलेच नसावे.

पराभवानंतरही बाबासाहेब राज्यसभेत होते. २६ ऑगस्ट १९५४ रोजी त्यांनी तेथे परराष्ट्र धोरणावर भाषण केले. एप्रिलमध्ये चीनशी तिबेटविषयक करार झाला होता, पंचशीलाचा जयघोष सुरू होता आणि हिंदी-चिनी भाईचाऱ्याच्या घोषणा लवकरच रस्त्यावर घुमणार होत्या. त्या वातावरणात त्यांनी विचारले की, ज्यांच्या राजकारणात पंचशीलाला स्थान नाही त्यांच्याशी पंचशील कसले? पंचशील हा बौद्ध धम्मातला शब्द, आणि तो कोठे वापरला जात आहे हे त्यांना इतरांपेक्षा अधिक कळत होते. तिबेट चीनच्या ताब्यात जाऊ दिल्याने चीनची सरहद्द आपल्या दाराशी आली आहे आणि उद्या आक्रमण होणार नाही असे कोणी समजू नये, हा त्यांचा इशारा होता.

६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. २० ऑक्टोबर १९६२ रोजी चिनी सैन्य हिमालय उतरून आले. सहाच दिवसांत आणीबाणी जाहीर झाली, भारत संरक्षण कायदा आला आणि ती आणीबाणी युद्ध संपल्यावरही १९६८ पर्यंत चालू राहिली. पराभवाची चौकशी करणारा हेंडरसन ब्रुक्स अहवाल सरकारने अद्याप प्रसिद्ध केलेला नाही.

टपरीवरचा तो तरुण पावसाळ्यात एके दिवशी आमच्या घरी आला. बाबासाहेब चीनविषयी खरोखर बोलले होते काय, असे त्याने विचारले. मोबाइलवर कोणीतरी पाठविले होते, पण या वेळी पुढे पाठविण्याआधी त्याला खात्री करून घ्यावयाची होती. महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध केलेल्या समग्र वाङ्मयाचा पंधरावा खंड आम्ही त्याच्या हाती दिला, भाषणाचे पान दाखविले. इंग्रजी अवघड जाते, म्हणाला, पण घेऊन गेला. परवा तो पुन्हा आला होता, आठवा खंड मागावयास. पंधरावा अजून त्याच्याकडेच आहे.